त्या पोराचं पुढे काय झालं

भोंगा झाला तसा सुधाकररावांनी हाताचा तळवा वर केला आणि मंजूषा वाचता वाचता थांबली. हे रोजचंच होतं. कारखान्याचा संध्याकाळचा भोंगा आता त्यांच्या अवधपुरीतल्या घरापर्यंत जेमतेम पोचायचा. मधे उभ्या राहिलेल्या बिल्डिंगा आणि मुख्य रस्त्यावरच्या गाड्या त्याला अर्ध्यातच गिळून टाकत. मंजूषाला तो कधी ऐकू यायचा, कधी नाही. सुधाकररावांना मात्र दर वेळी ऐकू यायचा. तो पुरता विरेपर्यंत ते तसेच बसत, तळवा हवेत, मान किंचित खाली. मग हात मांडीवर यायचा.

"हं. चल पुढं."

सगळी उमर त्यांनी त्याच कारखान्याच्या फाउंड्रीत, लोखंड ओतायचे साचे करणारा मोल्डर म्हणून काढली होती. मंजूषाला वाटायचं, सवय. माणूस रिटायर होतो, कान होत नाहीत.

डोळे मात्र झाले होते. काचबिंदूनं आधी कडा खाल्ल्या, मग मधलं. साकेत नगरच्या हॉस्पिटलात खेटे घालून झाले, थेंब घालून झाले, आणि मागच्या दिवाळीपासून सुधाकररावांना उजेड आणि अंधार यांपलीकडे काही दिसेनासं झालं. पेपर सुटला. टीव्हीवरच्या आरडाओरड्यानं त्यांचं डोकं उठायचं. तेव्हा एक दिवस ते म्हणाले, "मंजू, तू एवढी पुस्तकं वाचतेस, पोरांना शिकवतेस. मलाही एखादं वाचून दाखव की. पण राजेराण्या नकोत, बाप्पा. नोकरीवाल्या माणसांचं काही असेल तर बघ."

मंजूषा कॉलेजात इंग्रजी शिकवायची. लग्न केलं नव्हतं, का केलं नाही हे विचारणारे दमून गप्प बसले होते, आणि आई गेल्यापासून घरात ती आणि बाबा दोघंच होते. तिनं कपाटातून एक जुनी अमेरिकन कादंबरी काढली. शंभरहून जास्त वर्षांपूर्वीची. दूर देशातल्या खेड्यातून एक कुटुंब पोटासाठी अमेरिकेतल्या मोठ्या शहरात येतं आणि तिथल्या कत्तलखान्यांत कामाला लागतं, त्याची गोष्ट. ती इंग्रजी ओळ डोळ्यांनी वाचायची आणि मराठीत मोठ्यानं बोलायची. शब्द अडू नयेत म्हणून दुपारी कॉलेजात पुढची पानं वाचून ठेवायची.

पहिल्याच आठवड्यात शेजारच्या वसुधाकाकू मटारच्या करंज्या घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. मंजूषा तेव्हा नेमकी डुकरांच्या रांगेपाशी पोचली होती.

"अगंबाई! दिवेलागणीची वेळ, देवापुढे निरांजन, आणि ही कापाकापी काय वाचतेस?"

"बसा वहिनी," सुधाकरराव म्हणाले. "ही मांसाची गोष्ट नाही. ड्युटीची आहे."

"ड्युटी कसली? सॉसेज म्हणत होती ती आत्ता. मी ऐकलं."

"ते काय असतं गं मंजू?" सुधाकररावांनी विचारलं.

मंजूषानं सांगितलं, आतड्यात भरलेला खिमा. वसुधाकाकूंनी पदर तोंडाला लावला आणि करंज्यांचा डबा तिच्यापासून जरा लांब सरकवला. पण दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "गोष्टीतल्या त्या म्हाताऱ्याला लागली का नोकरी?"

सुधाकरराव पुस्तक ऐकायचे तसं कुणी ऐकत नसेल. ते पुस्तकातल्या माणसांशी भांडायचे. त्या कुटुंबानं कागद नीट न वाचता घर घेतलं तेव्हा ते खुर्चीत सरळ झाले. "वकील नाही गाठला? अरे, परक्या गावात आलास, भाषा येत नाही, कुणाला तरी विचार!" पहाटे थंडीत कारखान्याच्या फाटकाबाहेर माणसं कामासाठी उभी राहतात, ते ऐकताना मात्र भांडले नाहीत. म्हणाले, "आम्हीपण उभे राहायचो. पुलगावहून आलो तेव्हा मला वाटायचं, सगळे माझ्याच चपलांकडे बघताहेत." नायकाचा घोटा मुरगळला आणि तो खाटेला खिळला, तेव्हा त्यांनी विचारलं, "मेडिकल लीव्ह?"

"तेव्हा नव्हती, बाबा."

"मग युनियनमध्ये जा म्हणावं त्याला."

"जातो. पुढे आहे ते."

"मग वाच ना लवकर. उगाच मरायचा तो."

त्या दिवशी, भोंगा विरल्यावर, मंजूषानं पुस्तक पुन्हा उघडलं. पुढे काय आहे ते तिनं दुपारी स्टाफरूममध्ये वाचलं होतं. नायकाचं लहानगं पोर मरतं. बाप कामावर असतो. घरी परततो तर दारात माणसं जमलेली, आणि सगळे त्याच्याकडे बघून गप्प होतात. स्टाफरूममध्ये चहा आला होता, तो तिनं घेतला नाही.

या घरात तुषारचं नाव कुणी घेत नसे. तुषार तिचा धाकटा भाऊ. ती सात वर्षांची होती आणि तो चार, तेव्हा तो गेला. भिंतीवर आईचा फोटो होता, त्याचा नव्हता. आई होती तोवर श्रावणात एक दिवस ती न बोलता गोड काही करायची, आणि बाबा ते न बोलता खायचे. बस, एवढंच. हे प्रकरण आपण बाबांना वाचून दाखवायचं नाही, हे मंजूषानं परतताना बसमध्येच ठरवलं होतं. आंधळ्या माणसाला काय कळतंय.

तिनं पानं उलटली आणि म्हणाली, "मग त्यांनी त्या मुलाला मावशीकडे पाठवलं. आणि तो एकटाच शहर सोडून बाहेर पडला."

"मावशी कुठून आली?"

"दूरची होती."

"मागं तर म्हणालीस, यांचं इथं कुणी नाही म्हणून."

"नंतर आली असेल ती."

"हं." सुधाकररावांनी खुर्चीच्या दांड्यावर बोटं फिरवली. "पानं फार उलटलीस. आवाज आला."

"चिकटली होती."

वसुधाकाकू त्या दिवशी नव्हत्या. असत्या तर मधे काही बोलल्या असत्या, आणि विषय तिथंच मोडला असता. स्वयंपाकघरात कामाला असलेल्या सुशीलानं कुकर लावला होता, त्याची शिट्टी झाली. सुधाकरराव हसले, पण नीट नाही.

"मंजू, त्या पोराचं पुढे काय झालं?"

"सांगितलं ना. मावशीकडे..."

"बरं. मावशीकडे." त्यांनी मान तिच्या आवाजाकडे वळवली. "त्यानं बापाला हाक मारली का? तेवढं सांग."

मंजूषानं उगाचच पानावर नजर फिरवली. "पुस्तकात तसं काही लिहिलेलं नाही, बाबा."

"लिहिणाऱ्याला काय ठाऊक. तो थोडाच तिथं होता. घरात जे कुणी होतं, त्यालाच ठाऊक."

ती उठली. "जेवण गरम करायला सांगते. पुढचं उद्या वाचू."

"उद्या कॉलेज आहे?"

"दुपारीच येईन."

"ये मग," ते म्हणाले. "काही घाई नाही."

जेवताना त्यांनी मेथीची भाजी दोनदा मागून घेतली आणि सुशीलाला म्हणाले, "आज नमक बराबर है. किसने डाला?" ती म्हणाली, "बाबूजी, रोज मैं ही डालती हूँ, आज आपकी तारीफ बराबर है." सगळे हसले. मग ते झोपायला गेले. साधा दिवस होता. नंतर मंजूषानं तो पुष्कळदा उलगडून पाहिला, पण त्यात कुठं काही ठळक सापडलं नाही.

सकाळी ते व्हरांड्यात उन्हाला बसले होते. सुशीला चहा घेऊन गेली आणि तशीच कप घेऊन परत आली.

"दीदी, बाबूजी चाय नहीं ले रहे."

मंजूषा साडीच्या निऱ्या करत होती. "रख दो, पी लेंगे."

"नहीं दीदी," सुशीला म्हणाली. "आप आइए."

*

नागपूरहून आशिष आला. सुधाकररावांचा पुतण्या, मंजूषाहून थोडा लहान, कामाला वाघ. मुलगा नाही म्हणून सगळं त्यानंच केलं. घर माणसांनी भरलं. सतरंज्या पसरल्या गेल्या. वसुधाकाकूंनी स्वयंपाकाचा ताबा घेतला आणि येईल त्याला पिठलं-भात वाढत राहिल्या. "चांगलं मरण आलं, हाल नाही झाले," असं जो तो म्हणत होता आणि मंजूषा मान हलवत होती. ती रडली नाही. तिची मावसबहीण मानसी पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडून घे गं, मोकळी हो." मंजूषा म्हणाली, "हो, रडेन." जणू कपडे वाळत घालायचे राहिलेत.

चौथ्या दिवशी रघुवंशीजी आले. फाउंड्रीतले बाबांचे जोडीदार. आता काठीशिवाय चालता येत नव्हतं, पण आवाज तोच होता, भट्टीच्या घरघरीवरून बोलायला शिकलेला. ते फोटोसमोर बराच वेळ बसले. संध्याकाळ झाली. बाहेर कुठंतरी अर्धामुर्धा भोंगा वाजला आणि रघुवंशीजींनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आप भी?" मंजूषानं विचारलं. "बाबा हात वर करायचे."

"हम तो सुधाकर भाई के साथ-साथ करने लगे थे, बेटा. शॉप में भी वो ऐसे ही रुक जाता था. एक बार फोरमैन चिढ़ गया, कि ये क्या नाटक है. तो बोला, साहब, मेरा बेटा इसी टाइम गया था. बस, उसके बाद किसी ने नहीं टोका." त्यांनी टोपी पुन्हा घातली. "मुझसे एक ही बार बोला था वो उसके बारे में. बोला, रघुवंशी, पता नहीं उसने मुझे बुलाया होगा कि नहीं."

मंजूषा हातातला पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती. तो तिनं जपून खाली ठेवला.

म्हणजे बाबा पुस्तकातल्या पोराबद्दल विचारत नव्हते. पानं उलटल्याचा आवाज ऐकला तेव्हाच त्यांना कळलं होतं पुढे काय आहे ते, आणि ती ते का गाळते आहे तेही. इतकी वर्षं ज्या दाराला त्यांनी हात लावला नव्हता, ते त्या कादंबरीनं जरासं किलकिलं केलं होतं. म्हणून त्यांनी विचारलं. घरात जे कुणी होतं, त्यालाच ठाऊक.

घरात ती होती.

तेव्हा ते कारखान्यापासून जवळच, गोविंदपुऱ्यापाशी एका खोलीत राहत. खोलीला पत्रा, पत्र्याखाली तुषारची खाट. तीन दिवस ताप होता. सकाळी बाबांनी दारात सायकल धरून आईला विचारलं होतं, "थांबू का आज?" आणि आई म्हणाली होती, "उतरलाय आता. जा तुम्ही. नवी नोकरी." दुपारनंतर ताप पुन्हा चढला. आई मंजूषाला म्हणाली, "याच्याजवळ बस, हलू नको," आणि डॉक्टरांना आणायला धावली. त्या दिवशी फाउंड्रीत ओतकाम होतं आणि बाबांच्या जागी येणारा माणूस आलाच नव्हता. लोखंड वितळून तयार असलं की साचा सोडून कुणाला जाता येत नाही. बाबा दुसऱ्या पाळीलाही थांबले. हे घरी कुणाला माहीत नव्हतं. ते रात्री आले, तेव्हा दारात माणसं जमली होती.

मधल्या वेळात काय झालं ते मंजूषाला कधी कुणी विचारलं नाही. सात वर्षांच्या पोरीला काय विचारायचं. आणि तिनंही सांगितलं नाही. लहान होती तेव्हा भीतीनं, कारण ती तुषारशी खोटं बोलली होती. मोठी झाल्यावर दुसऱ्याच कारणानं. पोरगं आपली आठवण काढत होतं हे ऐकून बाबा कोसळतील, असं तिला वाटायचं. त्यापेक्षा ते न बोललेलं बरं. असं करता करता ती वाचणारी झाली, शिकवणारी झाली, दुसऱ्यांच्या दुःखाबद्दल वर्गात तास न् तास बोलू लागली. आणि हे तेवढं तिच्यापाशी तसंच राहून गेलं.

*

दहाव्याला सगळे तळ्याकाठी गेले. बायका सहसा जात नसत, पण मंजूषा म्हणाली, "मी येणार," आणि तिच्या तोंडाकडे बघून कुणी हरकत घेतली नाही.

पिंड ठेवायचे आणि कावळा शिवण्याची वाट बघायची. तो शिवला नाही तर गेलेल्या माणसाची काही इच्छा राहून गेली असं समजायचं, आणि जवळच्यांनी पिंडासमोर उभं राहून मोठ्यानं बोलायचं, शब्द द्यायचा. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि गाडीत त्याचीच चर्चा चालली होती.

"इथं कावळे फार कमी झालेत," गुरुजी पुढच्या सीटवरून म्हणाले. "परवा एक कुटुंब बारा वाजेपर्यंत उभं होतं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला."

"मी कोलार रोडच्या प्लॉटचं बोलतो," आशिष म्हणाला. "काकांच्या मनात होतं तिथं बांधायचं. तू तुझ्या तब्येतीचं बोल, मंजूताई. काळजी घेईन म्हण."

"मी माझं बोलेन," मंजूषा म्हणाली.

रात्रभर तिनं ते मनात जुळवलं होतं. मोठ्यानं बोलायचं. आशिषसमोर, गुरुजींसमोर, घाटावर आलेल्या अनोळखी माणसांसमोर. कावळा येणारच नाही आणि तिला बोलावंच लागेल, अशी तिची खात्री होती. बाबांचं दुसरं काय राहिलं होतं? प्लॉट नव्हे. तिची तब्येतही नव्हे. तेवढा एक प्रश्नच राहिला होता.

तळ्यावर धुकं होतं. पलीकडच्या डोंगरावरचे बंगले दिसत नव्हते. आशिषनं ओल्या धोतरानं पिंड ठेवले, पाणी सोडलं आणि दोन पावलं मागे झाला. मंजूषा एक पाऊल पुढे आली. तिनं श्वास घेतला.

लिंबावरून एक कावळा उतरला, पिंडावर चोच मारली, भात घेतला आणि गेला.

"शिवला!" आशिष ओरडलाच. "बघ, आलादेखील!"

"भाग्यवान माणूस," गुरुजी म्हणाले. "काही म्हणजे काही मागे ठेवलं नाही."

सगळ्यांनी हात जोडले. मानसीनं मंजूषाला जवळ घेतलं. "तृप्त गेले गं काका. तुझ्यात मन अडकलं असेल वाटलं होतं, पण नाही." आणि आशिष घाईनं कपडे बदलायला निघाला, कारण गार वारा सुटला होता आणि धोतर ओलं होतं.

मंजूषा तिथंच उभी होती, तोंड अर्धवट उघडं. बाबा तिच्यासाठी थांबले नव्हते. आयुष्यभर त्यांनी कुणाला अडवून धरलं नव्हतं, आताही नाही. ये मग, काही घाई नाही, असं म्हणाले आणि निघून गेले. तिला त्या कावळ्याचा भयंकर राग आला. मग घाटाच्या पायरीवर बसून ती रडली. पहिल्यांदा, मोठ्यानं, आजूबाजूला कोण आहे ते न बघता. रडताना तिच्या तोंडून शब्द मात्र एकही निघाला नाही.

*

तेरावं झालं, पाहुणे गेले, सतरंज्या परत दिल्या गेल्या. घरात पुन्हा कुकरची शिट्टी ऐकू येऊ लागली.

संध्याकाळी वसुधाकाकू वाटीतून काही घेऊन आल्या तेव्हा मंजूषा आपल्या नेहमीच्या जागी बसली होती आणि समोर बाबांची रिकामी खुर्ची होती. मांडीवर पुस्तक.

"वाचतेस?" काकूंनी विचारलं.

"एक प्रकरण राहिलंय. बसा ना."

काकू खुर्चीत बसल्या नाहीत. दाराशी स्टूल ओढून बसल्या.

मंजूषानं ती पानं उघडली. आता ती चिकटलेली नव्हती. तिनं एकही ओळ न गाळता वाचलं. कामावरून चिखल तुडवत येणारा बाप. दारातली माणसं. त्याला वर जाऊ न देणारी शेजारीण. खोलीत पांघरुणाखाली ते पोर. तिला शब्द सापडायला वेळ लागत होता, कुठं कुठं ती थांबून योग्य मराठी शब्द शोधत होती, आणि काकू हुंदका दाबत होत्या, पण मधे बोलल्या नाहीत. प्रकरण संपलं. त्या पोरानं बापाला हाक मारली की नाही, ते त्यात खरंच नव्हतं.

बाहेर भोंगा झाला. आज तिला तो स्वच्छ ऐकू आला. तिनं हात वर केला नाही. तो विरेपर्यंत ती खुर्चीकडे बघत राहिली.

"मारली होती, बाबा," ती म्हणाली.

काकूंनी चमकून वर पाहिलं.

"तुषारनं हाक मारली होती तुम्हाला. आई डॉक्टरांकडे गेली होती. तो म्हणाला, ताई, बाबा आले का? मी म्हटलं, नाही अजून. मग पुन्हा म्हणाला, बाबा. तेवढ्यात भोंगा झाला. मी म्हटलं, ऐक तुषू, सुटी झाली, आता बाबा निघाले. तुम्ही निघाला नव्हतात, पण मला कुठं माहीत होतं. तो म्हणाला, कुठं आले? मी म्हटलं, सायकल काढली. मग म्हटलं, फाटकाबाहेर आले. आता चिंचेपाशी आले. आता नाल्यावरच्या पुलावर. रघुवंशीकाका भेटले, त्यांच्याशी बोलताहेत. आता पिठाच्या गिरणीपाशी आले, अंगावर पीठ उडालं. तो हसला, बाबा. मग डोळे मिटले. मला वाटलं झोपला, म्हणून मी हळू आवाजात सांगत राहिले. आता गल्लीत वळले. आता घंटी वाजवली."

तिनं पुस्तक मिटलं.

"त्यानं तुमची वाट बघितली नाही, बाबा. त्याला ठाऊक होतं तुम्ही येताय. तुम्ही दारापर्यंत आला होतात."